लस घेतली नाही म्हणजे विरोधच असतो का?

(लसीकरणावर काम करणाऱ्या सार्वजनिक आरोग्य संशोधक या वेळी वाचकांना उत्तरं देतायत.)

प्रश्न : ताई, ज्यांना लस घ्यायची नाही ते घेत नाहीत, त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे?

उत्तर : अहो, "घ्यायची नाही" हेच तर आधी तपासायचं असतं. लस चुकलेलं मूल दिसलं की आपण पटकन आईबापांचा नकार धरून चालतो आणि तिथेच गाडी अडते. मी पहिल्यांदा डीपीटीचे, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यावरच्या लसीचे आकडे बघते, पहिला डोस किती बाळांना मिळाला आणि तिसरा किती जणांना. पहिला भरपूर, तिसरा कमी असेल तर ही माणसं एकदा बाळाला घेऊन आली होती ना, मग विरोध कसला, मधे काहीतरी झालं, केंद्र बंद होतं, लस संपली होती, कामावर खाडा परवडत नव्हता किंवा चारचौघांत कुणीतरी खेकसलं, आणि हे खेकसणं फार महाग पडतं, ती आई परत येत नाही.

पहिलाच डोस नसेल तर गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये जगातल्या १ कोटी ४० लाखांहून जास्त बाळांना एकही डोस मिळाला नव्हता, त्यातली जवळपास निम्मी युद्ध नाहीतर अस्थिरतेत सापडलेल्या २६ देशांतली. तिथे लसच पोचत नाही तर समजूत कुणाची घालणार?

लस मिळत असूनही होणाऱ्या टाळाटाळीची जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यगटाने तीन कारणं मांडली होती : लसीवर आणि ती देणाऱ्यांवर विश्वास नसणं, आजाराची धास्तीच न उरणं, आणि लस घेणं गैरसोयीचं असणं. विश्वासावर सगळे बोलतात, सोयीवर कोणी बोलत नाही याचा मला खरंच राग येतो. राजस्थानात उदयपूर भागातल्या गावांत एक प्रयोग झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. नेहमीच्या व्यवस्थेत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, ठरल्या दिवशी न चुकता शिबिर घेतलं तिथे १८ टक्के, आणि शिबिरासोबत छोटीशी भेट दिली तिथे ३९ टक्के. मनापासून विरोध असलेला माणूस एवढ्याशा भेटीसाठी बाळाला सुई टोचू देईल का हो?

प्रश्न : माझ्या जाऊबाई चांगल्या शिकलेल्या, पण एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने ऑटिझम होतो म्हणून बाळाला देत नाहीयेत. मी जितके पुरावे पाठवते तितक्या त्या जास्त अडून बसतात. काय करू?

उत्तर : पुरावे पाठवणं थोडं थांबवा. तुमचं म्हणणं बरोबरच आहे, १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा फक्त १२ मुलांवरचा पेपर आला, तिथून ही भीती पसरली, २०१० मध्ये तो पेपर मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्यांची ब्रिटनमधली डॉक्टरकीची नोंदणीही गेली. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नव्हता. पण २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की अशी माहिती दिल्यावर पालकांचा गैरसमज कमी झाला, तरी जे आधीपासून जास्त साशंक होते त्यांची लस द्यायची तयारी उलट घटली. गैरसमज गेला म्हणून भीती जात नाही.

म्हणून जाऊबाईंना एकटं गाठून शांतपणे विचारा, नक्की कशाची काळजी वाटते, कुणाचं काही बघितलंय का. पूर्ण ऐका, मधे तोडू नका. मग "मला जे माहितीय ते सांगू का?" असं विचारून एकच मुद्दा सांगा. मी असते तर गोवराचा सांगितला असता, एका रुग्णामुळे लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, म्हणून तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. आणि त्यांचा विश्वास आहे अशा डॉक्टरांकडे सोबत जा. एका बैठकीत होणार नाही, घरात सगळ्यांसमोर तर मुळीच काढू नका हा विषय.

प्रश्न : सर्व्हेत लोक खरं सांगतात का?

उत्तर : आधी लसीकरणाचं कार्ड मागतो, नसेल तर आईच्या आठवणीवरची नोंद वेगळी ठेवतो. आणि "लस देणार का?" एवढंच विचारलं तर बहुतेक जण समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणून टाकतात, त्यापेक्षा "मागचा डोस द्यायला गेलात तेव्हा काय काय झालं?" असं विचारलं की लोक बोलायला लागतात.