मुलांना जिजाईचा राग पाहू दे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

देवळाच्या सभामंडपात मुले आणि पालक यांना एकत्र बसवून ‘संत तुकाराम’ दाखवण्याचा तुझा बेत कळला आणि मनापासून आनंद झाला. दामले-फत्तेलाल यांनी ‘प्रभात’साठी दिग्दर्शित केलेला, १९३६ सालचा हा चित्रपट लोक विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांसाठी पाहतात, श्रद्धेविषयी मुलांशी बोलायचे असेल, तर मात्र तू तुकोबांच्या पत्नीकडे, जिजाईकडे लक्ष ठेव.

मूल आजारी आहे, घरात काही नाही, आणि ती माउली वहाण उगारून थेट विठोबासमोर जाऊन उभी राहते. तेथे चित्रपट थांबव आणि एवढेच विचार, की तिने देवावर असे रागवावे का. पालक लगेच ‘असे बोलू नये’ म्हणून पुढे सरसावतील. त्यांना नम्रपणे थांबव. आजीसाठी हात जोडूनही आजी गेली, असे पाहिलेल्या मुलाच्या मनात हाच राग असतो, पण तो बोलून दाखवण्याची मुभा त्याला घरात कोणी दिलेली नसते. मुले बोलून झाल्यावर मोठ्यांना उपदेश मागू नकोस, तर देवावर आपण कधी रुसलो होतो ते सांगायला सांग. तुकोबांच्या गाथेतही विठोबाशी केलेली भांडणे आहेत, हे त्यानंतर सांगितलेस तर ते मुलांना खरे वाटेल.

येथे एक काळजी घे. चित्रपटातले मूल बरे होते; समोरच्या एखाद्या घरातले झालेले नसेल. म्हणून पालकांशी आधी बोलून घे आणि ‘सगळ्यांचे देव ऐकतो’ असा निष्कर्ष कोणालाही काढू देऊ नकोस.

इंद्रायणीतून वह्या वर आल्या, तेव्हा ‘हे खरेच घडले का?’ असा प्रश्न येईलच. तो चमत्कार होता असे मानणारे आणि लोकांच्या कंठात राहिल्यामुळे अभंग तरले असे मानणारे, दोन्ही प्रकारचे मोठे तेथे असतील. त्यांनी मुलांदेखत एकमेकांचे शेवटपर्यंत ऐकून घेतले, तर त्या संध्याकाळी याहून अधिक काही साधायला नको. ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांचे आहे, हेही सांग. अनेक वडीलधाऱ्यांना ते तुकोबांचेच वाटते आणि मोठेही नवे शिकतात हे मुलांना दिसणे चांगले.

चित्रपट दोन तासांहून मोठा आहे, तेव्हा दोन बैठका कर. पुढे २०१४ सालचा ‘एलिझाबेथ एकादशी’ लाव. पंढरपूरच्या यात्रेत घरासाठी पैसे मिळवू पाहणारी ती मुले पाहिल्यावर प्रश्न मुलांनी काढावेत आणि उत्तरे मोठ्यांनी द्यावीत.

तुझा,
काका