स्टॅब मागून नका बघू, बाजूने मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. घरी बांधायच्या दोन सीटच्या ग्लास-फायबर विमानाचं अर्धवट बांधलेलं किट दुसऱ्याकडून घेतलेलं, फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) वरचे-खालचे दोन्ही भाग आधीच्या मालकाने जोडून टाकलेले, आणि आता हॉरिझॉन्टल स्टॅब, म्हणजे शेपटीचा आडवा पंख, खाचेत ठेवून मागून पाहिलं तर डावं टोक उजव्यापेक्षा ३/८ इंच खाली. सांधा कापून पुन्हा जोडावा का, असं विचारताय. माझंही किट सेकंडहँडच होतं आणि गॅरेज टेक्सासमध्येच, म्हणून जरा लांबण लावतो. सँडिंग, पील प्लाय, रेझिनचं वजनावर प्रमाण हे सगळं तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

उत्तर आधी देतो: कापू नका. निदान या ३/८ इंचासाठी तरी नाहीच. स्टॅब आठ फुटांचा आहे म्हणालात. आठ फुटांत ३/८ इंच म्हणजे पाव अंशसुद्धा भरत नाही. शिवाय ते तुम्ही मोजलंत फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची आडभिंत, लेव्हल करून. फायरवॉल कोणी, कधी आणि कुठल्या मूडमध्ये बसवली हे तुम्हाला माहीत नाही. विमानाला फायरवॉलशी देणंघेणं नाही, त्याला पंखाशी आहे. पंखाचा स्पार (आतली मुख्य तुळई) फ्यूजलाजमधून जिथून आरपार जातो ती जागा आधी लेव्हल करा आणि मग मागून बघा. तिरकेपणा कदाचित निम्माच उरेल. उरलाच तर खाच एका बाजूने थोडी घासून स्टॅब सरळ बसतो, फट फ्लॉक्सने (कापसाचे तंतू घातलेल्या रेझिनने) भरते. मागून दिसणारा एवढा तिरकेपणा हा फोटोचा प्रश्न आहे, उडण्याचा फारसा नाही.

खरी भानगड डोळ्यांना दिसत नाही: इन्सिडन्स. पंखाच्या कोनाच्या तुलनेत स्टॅबचा कोन किती, ते. २४ इंचांच्या कॉर्डवर (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीवर) पुढची कड पाव इंच वर-खाली झाली की कोन ०.६ अंशाने बदलतो, आणि पाव इंच म्हणजे फ्लॉक्सचा एक जाडसर थर. पुढची कड जास्त वर राहिली तर विमान सतत नाक खाली घालू पाहतं, मग क्रूझमध्ये एलेव्हेटर (स्टॅबमागची, नाक वर-खाली करणारी हलती फळी) कायम थोडा वर धरावा लागतो, ट्रिमचा (हा जोर हातावर येऊ न देणाऱ्या सोयीचा) एक हिस्सा तिथेच खर्ची पडतो, आणि वजन पुढे असताना उतरायच्या क्षणी ओढायला एलेव्हेटर कमी उरतो. डाव्या-उजव्या अर्ध्यांचा कोन वेगळा असेल तर ते आणखी वाईट. या दोन गोष्टींबद्दल तुमच्या पोस्टमध्ये एक आकडाही नाही, म्हणून एवढं टाइप करतोय.

आता माझं रडगाणं. कंपनीचं नाव घेणार नाही, विचारूही नका. ड्रॉइंगमध्ये लिहिलेला कोन आणि मोल्डमध्ये तयार आलेली खाच यांचा मेळ बसत नव्हता, म्हणून मी कंपनीच्या टेक-सपोर्टला विचारलं. आधी उत्तरच नाही. मग कळवलं की तुम्ही मूळ ग्राहक नाही, आधी किट नावावर करून घ्यायची फी भरा. भरली. त्यानंतर फोनवर एका गृहस्थांनी सांगितलं, "मोल्डमध्ये सगळं बरोबरच आहे, खाचेत ठेवा आणि चिकटवा." हेच ईमेलवर लिहून द्या म्हटलं तर "त्याची गरज नाही." चिकटवला. पुढे पंख लावून दोन्हींचे कोन मोजले तेव्हा ड्रॉइंगच्या मानाने पाऊण अंशाचा फरक निघाला. परत फोन. यावेळी मात्र कोणीतरी एक सुधारणापत्रक पाठवलं: त्या बॅचची खाच चुकलेली आहे, मागच्या कडेखाली पट्टी घालून कोन दुरुस्त करावा. म्हणजे हा कागद त्यांच्या फायलीत आधीपासून होता! फी घेतानाही होता, फोनवर मला धीर देतानाही होता.

त्यापायी चिकटवलेला स्टॅब कापून काढावा लागला. ही पाळी तुमच्यावर येऊ नये, पण आलीच तर हीट गनने सांधा मऊ करायच्या फंदात पडू नका, आतला फोम आधी खचतो. ऑसिलेटिंग टूलने हळूहळू, तोंडाला चांगला रेस्पिरेटर लावून, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच. ग्लासची धूळ कोपराच्या आत गेली की रात्रभर खाजवत बसाल. नंतर कडा उताराने घासत न्यायच्या, प्रत्येक थरामागे साधारण इंचभर, आणि त्यावर ४५ अंशात कापलेलं कापड चढवायचं. मूळ सांध्यापेक्षा ते जड होतं आणि ते वजन नेमकं शेपटीत जातं. शेपटीत १२ फुटांवर १ पौंड वाढला की तोल सांभाळायला पुढे ४ फुटांवर ३ पौंड लागतात. माझी बॅटरी आज फायरवॉलच्या पुढे का आहे, याचं कारण हेच.

मोजायचं कसं. डिजिटल लेव्हल चालते, पण प्रत्येक वेळी उलटी फिरवून दोनदा वाचा, तिची स्वतःची चूक त्यात पकडली जाते. लांब अंतरासाठी माझा भरवसा गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीवर. गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते, नळीला त्याचं सोयरसुतक नाही. फक्त आत बुडबुडा राहू देऊ नका. ड्रॉइंगवरून पंखाच्या आणि स्टॅबच्या आकाराचे प्लायवुडचे टेम्प्लेट कापा आणि दोघांचे कोन एकाच बैठकीत घ्या. सुटा आकडा कामाचा नाही, दोघांतला फरक कामाचा. फ्यूजलाजच्या मध्यरेषेवर पुढे एक खूण करून तिथून स्टॅबच्या दोन्ही टोकांपर्यंत स्टीलच्या टेपने अंतर घ्या, म्हणजे स्टॅब मागे-पुढे वळलाय का ते कळतं. फिनसाठी, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखासाठी, ओळंबा पुरतो. हे सगळं सकाळी करा. आपल्याकडच्या जुलैत दुपारी गॅरेज तापलं की नीट पोस्ट-क्युअर न झालेला (रेझिन उष्णता देऊन पुरतं पक्कं न केलेला) सांगाडा सरकतो, आणि संध्याकाळचा आकडा सकाळशी जुळत नाही. फ्यूजलाजला आधार बल्कहेडच्या (आतल्या आडव्या भिंतीच्या) खालीच द्या.

आणि माझं ठाम मत, ज्याच्याशी इथले काही जुने लोक भांडतील: पंख एकदा तात्पुरते चढवून मोजल्याशिवाय स्टॅबला रेझिन लावूच नये. गॅरेजमध्ये जागा नाही, मित्र बोलवावे लागतात, सगळं कबूल. तरीही.

मी पेशाने इंजिनियर आहे, पण विमानांचा नाही. तुमच्या किटचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच धरा, फक्त ते ताज्या सुधारणांसकट मागवा, आणि लेखी. ईएएचे (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेचे) टेक्निकल काउन्सेलर सभासदांकडे फुकट येऊन बघतात, सांधा बंद करण्याआधी एकाला नक्की बोलवा. कंपनीच्या सपोर्टपेक्षा त्यातल्या एका निवृत्त काकांनी मला जास्त शिकवलं.

फ्यूजलाज मागून अजून उघडं असेल तर तेवढ्यात दोन कामं उरकून घ्या. फिनच्या आत तांब्याच्या पट्टीची कॉम अँटेना (बोलायच्या रेडिओची) बसवता येते, प्रत्येक पाय साधारण २२ इंचांचा. ग्लासमधून रेडिओ लहरी जातात, कार्बनमधून नाही, तेव्हा तुमच्या फिनमध्ये कार्बन नाही ना ते आधी बघा. दुसरं, शेपटीपर्यंत एक जादा दोरी सोडून ठेवा, पुढे एखादी वायर ओढायची राहिलेली असतेच.

पुण्यातले नातेवाईक मला विचारतात, ते अमोल यादव गच्चीवर विमान बांधतात, तू गॅरेजमध्ये एवढा वेळ काय करतोस? त्यांचं विमान २०१६ साली 'मेक इन इंडिया'मध्ये मांडलं होतं, नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. कागदांच्या बाबतीत आपण इथे त्या मानाने सुखी आहोत, पण सेकंडहँड किटला एक मेख आहे. एफएएला (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याला) विमानाचा मोठा हिस्सा हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी बांधला हे दाखवावं लागतं. आधीच्या मालकाचं काम त्यात धरलं जातं, पण ते त्यानेच केलं, पैसे देऊन करून घेतलं नाही, हे कशावरून? लॉग आणि फोटोंवरून. रिपेअरमन सर्टिफिकेटही एकालाच मिळतं, मुख्य बांधणाऱ्याला, आणि वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे विमानाची दरवर्षीची तपासणी, स्वतः करायला ते कामी येतं. तुमच्या पोस्टमध्ये लॉगचा उल्लेख नाही. आधीच्या मालकाला याच आठवड्यात फोन करा. फ्यूजलाज जोडतानाचे फोटो त्याच्या फोनमध्ये असतील, आणि लोक फोन बदलतात.