४ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकलं, तरी रखडतंय. काय करू?

आधी हार्ड डिस्क बदला, बाकी सगळं नंतर. फिरत्या तबकडीवर कुठलीही सिस्टीम रखडणारच. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या, २४० जीबी पुष्कळ झाली. लालबागला आईकडचा जुना डेस्कटॉप एवढ्यानेच जिवंत झाला.

नव्याने टाकताना मिंटच्या सिनॅमन आवृत्तीऐवजी एक्सएफसीई आवृत्ती निवडा, ती रॅम कमी खाते. मग झेडरॅम चालू करा. रॅममधला सध्या न लागणारा मजकूर त्याने दाबून रॅममध्येच ठेवला जातो, डिस्कवर जात नाही. ४ जीबीत हा फरक लगेच जाणवतो. स्वॅपिनेस (रॅममधला मजकूर स्वॅप नावाच्या राखीव जागेत किती सहज हलवायचा, याचा आकडा) ६० वरून १० करा असं बरेच जण सांगतात. तो सल्ला डिस्कवरच्या स्वॅपसाठी आहे, झेडरॅम असताना अजिबात करू नका.

कॅबिनेट उघडाल तेव्हा विजेची वायर काढून पंख्यातली धूळही साफ करा. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने हलके पुसा. आपल्या दमट हवेत त्यांच्यावर थर बसतो. आईचा पीसी मधूनच अडकायचा, ते अडकणं यानेच थांबलं.