वाचक विचारतात : पहिला नंबर गेल्यावर

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मुलगा सातवीपर्यंत गावच्या शाळेत कायम पहिला येत असे. यंदा नाशिकला गंगापूर रोडला बिऱ्हाड करून त्याला आठवीत मोठ्या शाळेत घातले. सहामाहीत त्याचा नंबर बराच खाली गेला. तेव्हापासून तो ‘मी ढ आहे’ म्हणतो आणि गणिताची वही उघडायचे टाळतो. गंमत म्हणजे सुट्टीत गावी गेला की दोनशे लिटरच्या टाकीला फवारणीचे औषध किती लागेल, हे तो आजही तोंडी सांगतो. वार्षिक परीक्षेत पहिल्या दहांत आलास तर गिअरची सायकल घेऊन देईन, असे मी त्याला कबूल केले आहे. हे योग्य आहे का? आणि हा न्यूनगंड कायमचा राहील का?

उत्तर : फवारणीचा हिशेब तुम्ही गंमत म्हणून लिहिलात, पण पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. लिटरला दीड मिलि तर टाकीला तीनशे, असे प्रमाण तोंडी काढणाऱ्या मुलाचे गणित सहा महिन्यांत कच्चे होत नाही. बदलला आहे तो त्याच्या आजूबाजूचा वर्ग. साधारण आठव्या-नवव्या वर्षापासून मुले शेजारच्या बाकावरच्या मुलाशी स्वतःला ताडून पाहू लागतात आणि ‘मी कसा आहे’ याचे उत्तर बरेचसे त्यातून घडते. सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी जे मूल अधिक हुशार मुलांच्या वर्गात बसते, ते अभ्यासात स्वतःला कमी लेखते, हे ऑस्ट्रेलियात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. लहान तळ्यातला मासा मोठ्या तळ्यात गेला, असाच हा प्रकार आहे.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा. गावी गणित मराठीतून आणि इथे सेमी-इंग्रजीतून असेल, तर ‘समभुज चौकोन’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर आकृती उभी राहत असेल आणि ‘ऱ्हॉम्बस’ म्हटल्यावर राहत नसेल. सहामाहीची उत्तरपत्रिका घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि कोणते गणित आले नाही व कोणता प्रश्नच कळला नाही, हे त्याच्याचकडून वेगळे करून घ्या. ते त्याच्या गणिताच्या शिक्षकांनाही दाखवा.

सायकलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती नंबराला बांधू नका. नंबर इतर मुलांच्या गुणांवरही ठरतो, त्यामुळे मनापासून अभ्यास करूनही सायकल हुकू शकते. शिवाय १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ज्या मुलांना ‘चित्र काढलेस तर बक्षीस’ असे आधी सांगितले होते, ती पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून राहिली. क्लासला जायला सायकल हवीच असेल, तर ती आताच घेऊन द्या.

कायमचे म्हणाल, तर तेराव्या वर्षी काहीही कायमचे ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकिओ यांनी २००० साली, माणसाचा स्वभाव वयानुसार किती टिकतो हे पाहणारे १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही आणि एक म्हणजे पूर्ण मेळ असे धरले, तर आधीच्या व नंतरच्या स्वभावातला मेळ बालपणी ०.३१ आणि पन्नाशीनंतर ०.७४ भरला. हे आकडे स्वभावाचे असले, तरी स्वतःविषयीचे मतही लहान वयात असेच हलते असते. काळजी करायची ती वहीची : ती मिटलेली राहिली की सराव सुटतो, सराव सुटला की गुण आणखी घटतात आणि मग ‘मी ढ आहे’ याला त्याच्याच हाताने पुरावा तयार होतो.

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू ‘मी सगळ्यांत जोरात पळतो, मला सगळं येतं’ असे सांगत सुटतो. अजून शर्टाची बटणे लावता येत नाहीत! ही बढाईची सवय मोडावी का? — एक आजी, पंचवटी

उत्तर : मोडू नका, आजी. या वयात आपल्याला काय यावेसे वाटते आणि प्रत्यक्षात काय येते, यांतला फरक मुलांना नीट उमगत नाही आणि इतरांशी काटेकोर तुलना करणेही जमत नाही. म्हणून ती स्वतःबद्दल भरभरून बोलतात. शाळेत रुळल्यावर हे आपोआप ओसरते. तोवर खालचे एक बटण त्याला लावू द्या, कितीही वेळ लागला तरी.