एजंटचा हप्ता भरण्याआधी, ताई, हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एमएस्सी फिजिक्स, बीएड, साताऱ्याजवळच्या विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान. इंग्लंडमध्ये शिकवायला यायचंय. पुण्यातला एक कन्सल्टंट 'नोकरी आणि व्हिसा दोन्हीची गॅरंटी' म्हणून साडेतीन लाख मागतोय आणि त्यातले एक लाख याच आठवड्यात भरायचे आहेत. भरू का, असं विचारलंत.

भरू नका. मी भरले होते, ऐंशी हजार. बार्शीला गणित शिकवत होतो तेव्हा. त्या माणसाने माझ्या नावाने एक अर्ज तयार केला आणि पाठवत सुटला. तीन महिन्यांनी एका शाळेने मला थेट मेल केली की हेच पत्र, शब्दाला शब्द, त्यांना आणखी दोन उमेदवारांकडून आलं आहे. बायकोच्या भिशीचे पैसे होते ते, परत आले नाहीत. त्यानंतरचं सगळं मी स्वतः केलं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडला आलो. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं. आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत एजंटलाही तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. इंग्लंडमध्ये तर नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणंच बेकायदा आहे. तिथली एजन्सी पैसे घेते ते शाळेकडून. व्हिसासाठी लागणारं 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' विकत देतो म्हणणाऱ्याचं तर ऐकूनही घेऊ नका. ते नावाने सर्टिफिकेट असलं तरी प्रत्यक्षात एक नंबर असतो आणि तो शाळाच देते. त्याचा खर्च ३१ डिसेंबर २०२४ पासून शाळेला तुमच्याकडून वसूलही करता येत नाही. मग गॅरंटी कसली देतोय हा माणूस?

आता तुमची बाजू किती भक्कम आहे ते सांगतो, कारण तुमच्या पत्रात ती कुठेच दिसली नाही. इंग्लंडमध्ये फिजिक्सचा शिक्षक मिळत नाही. २०२३-२४ मध्ये फिजिक्सच्या शिक्षक-प्रशिक्षणाला सरकारने जितके विद्यार्थी यावेत म्हणून ठरवलं होतं, त्याच्या १७ टक्केच आले. लंडनपासून लांबच्या, विशेषतः किनाऱ्यालगतच्या गावांत जाहिरात देऊनही एकही अर्ज न येणं ही नेहमीची गोष्ट आहे. तुम्ही कुणाकडे उपकार मागायला चाललेला नाही.

पहिलं काम क्यूटीएस, म्हणजे तिथल्या शिक्षकाचा परवाना. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तो घरबसल्या, ऑनलाइन मागता येतो. फी शून्य. आपल्यासाठी अट अशी की अकरा ते सोळा वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवण्याचं प्रशिक्षण हवं. पदवी, किमान एका शैक्षणिक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण, त्यानंतरचा किमान वर्षभराचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा. डीएड करून प्राथमिकला शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीला हा रस्ता नाही, हे तिला सांगताना वाईट वाटलं होतं. तुम्ही मात्र यात नीट बसता. क्यूटीएस नसतानाही काही शाळा घेतात, पण मग पगार 'अनक्वालिफाइड' श्रेणीचा, बराच कमी. म्हणून आधी परवाना, मग अर्ज.

शाळा शोधायला 'टीचिंग व्हेकन्सीज' ही तिथल्या सरकारची साइट आहे, फुकट. त्यात व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या जागा वेगळ्या गाळता येतात. दुसरी 'टेस', शिक्षकांच्या नोकऱ्यांची खासगी साइट. जाहिरात आवडली की ती शाळा स्पॉन्सर म्हणून नोंदलेली आहे का ते गृहखात्याच्या यादीत बघायचं. इथे आपली माणसं हमखास फसतात. शाळेचं नाव टाकतात, सापडत नाही, सोडून देतात. स्पॉन्सर होण्याचं लायसन्स पुष्कळदा शाळेच्या नावावर नसतंच. शाळा ॲकॅडमी, म्हणजे सरकारी पैशावर ट्रस्टने चालवलेली, असेल तर त्या ट्रस्टच्या नावावर असतं, कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची, असेल तर बहुधा कौन्सिलच्या. आपल्याकडे नाही का, पाटीवर विद्यालयाचं नाव आणि मान्यता संस्थेच्या नावाने. शाळेच्या वेबसाइटवर अगदी तळाला ट्रस्टचं नाव असतं, ते घेऊन शोधा.

वेळेचं गणित लक्षात ठेवा. तिथे शिक्षक मनात येईल तेव्हा राजीनामा देत नाही. ३१ ऑक्टोबर, फेब्रुवारी अखेर आणि ३१ मे अशा तीन तारखा ठरलेल्या आहेत. सप्टेंबरला शाळा सोडायची तर ३१ मेपर्यंत कळवावं लागतं. म्हणून फेब्रुवारी ते मे जाहिरातींचा पाऊस असतो, आणि जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत, कोण खरंच चाललंय हे कळल्यावर, हेडटीचरची पळापळ सुरू होते. मला माझी जागा त्याच पळापळीत मिळाली. मेमध्ये सहा नकार पचवून मी जवळजवळ थांबलो होतो.

अर्जाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नोकरी इथेच मिळते किंवा जाते. तिथल्या शाळा नुसता बायोडाटा घेत नाहीत. मुलांच्या सुरक्षेच्या नियमांमुळे शाळेचाच फॉर्म पूर्ण भरावा लागतो आणि नोकरीतल्या प्रत्येक खंडाचं कारण द्यावं लागतं. बाळंतपणाचं वर्ष, तासिका तत्त्वावर काम नसलेले उन्हाळ्याचे महिने, सगळं लिहायचं. लपवलेला खंड संशय निर्माण करतो, सांगितलेला नाही. फॉर्मसोबत दीड-दोन पानांचं पत्र असतं. त्यात 'मी कष्टाळू आणि समर्पित शिक्षिका आहे' हे वाक्य लिहू नका, शंभरातले नव्वद तेच लिहितात. साठ मुलांच्या वर्गात तुम्ही काय केलंत ते लिहा. तुमच्या पत्रात एका ओळीत होतं की प्रयोगशाळा नसल्याने तुम्ही सायकलच्या डायनॅमोवर विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवता. ताई, ती ओळ म्हणजे तुमचा अर्ज आहे! डायनॅमो कुणी आणला, मुलांनी काय चुकीचं सांगितलं, ते तुम्ही कसं सुधारलंत, पुढच्या चाचणीत काय दिसलं, हे लिहा. शाळेची वेबसाइट वाचून त्या शाळेबद्दल दोन वाक्यं तरी असू द्या. एका संध्याकाळी एकच अर्ज. मी एकूण अकरा केले.

आणखी एक. तिथे जाहिरात बहुधा 'सायन्स टीचर'ची असते, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही शिकवावे लागतात. आपल्या दहावीचे विज्ञान भाग १ आणि भाग २ दोन्ही तुम्ही शिकवलेत, हे ठळकपणे सांगा. आपल्याला त्यात विशेष वाटत नाही, त्यांना वाटतं.

मुलाखत ऑनलाइन होते. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड. लोडशेडिंगचा वार टाळा, शेजारच्यांचं इन्व्हर्टर मागून ठेवा. प्रात्यक्षिक पाठ असतोच, वीसेक मिनिटांचा. माझ्या पहिल्या मुलाखतीत तिथल्या वर्गात लॅपटॉप ठेवला होता आणि मी भारतातून समीकरणं शिकवली. बीएडला शिकवल्याप्रमाणे पाठाचं टाचण चोख. शेवटी 'समजलं का?' विचारलं, मुलं हो म्हणाली, मला वाटलं जिंकलं. नंतर विभागप्रमुख बाईंनी एवढंच विचारलं, "कुणाला समजलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वेळी मी प्रत्येक मुलाकडे छोटा पांढरा फळा द्यायला सांगितला. तिथे ते बहुतेक वर्गांत असतात. २य + ३ = ११ दिलं, एक-दोन-तीन म्हणताच सगळ्यांनी फळे वर केले. पाच-सहा फळ्यांवर सात होतं. म्हणजे त्यांनी तीन वजा करायच्या ऐवजी मिळवले होते. मी ठरवलेला पुढचा भाग सोडला आणि त्या सातवरच बोललो. हातातला तराजू दाखवला, दोन्ही पारड्यांतून तीन काढले. टाचण अर्धवट राहिलं आणि नोकरी मिळाली.

एक प्रश्न नक्की येणार, त्याचं उत्तर आजच पाठ करा: एखादी मुलगी वर्ग सुटल्यावर थांबून म्हणाली, 'मॅडम, कुणाला सांगणार नसाल तर घरचं एक सांगू का,' तर काय कराल? आपण पटकन म्हणतो की विश्वासात घेईन, आईवडिलांना बोलावीन. दोन्ही चूक. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून किंवा सुचवून काही विचारायचं नाही, तिच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि त्याच दिवशी शाळेच्या सेफगार्डिंग प्रमुखांना, म्हणजे मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या बाईंना किंवा सरांना, सांगायचं. पालकांना कधी आणि कसं कळवायचं ते प्रमुख ठरवतात, कारण त्रास घरातूनच असू शकतो. हे उत्तर चुकलं तर बाकी पाठ कितीही रंगला तरी उपयोग नाही.

खर्चाबद्दल खोटा धीर देत नाही. एजंट नसला तरी पैसे लागतातच. सगळ्यात मोठा आकडा आरोग्य अधिभाराचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायच्या पैशांचा: मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम आगाऊ. तुम्ही, तुमचे मिस्टर आणि एक मूल, तीन वर्षं धरलीत तर हे एकटंच ८५३८ पौंड होतात. व्हिसाची फी, क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, विमान, घराचं डिपॉझिट वेगळं. म्हणून मी पहिलं वर्ष एकटा आलो. मुलगी तेव्हा पहिलीत होती. त्या वर्षाबद्दल इथे लिहीत नाही, पण घरात बसून हे आधी नीट बोला. शाळेला 'रीलोकेशन'साठी, म्हणजे तिकडे राहायला जाण्याच्या खर्चासाठी, काही मदत मिळेल का, हे ऑफर आल्यावर लेखी विचारा. काही शाळा देतात, पण न विचारता कुणी देत नाही. पगाराचं म्हणाल तर लंडनबाहेर क्यूटीएस असलेल्या शिक्षकाची सुरुवात सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. तुमची नऊ वर्षं धरून वरच्या पायरीवर घ्या, असं ऑफर स्वीकारण्याआधी म्हणायचं. नंतर म्हणून उपयोग नसतो.

आता तुम्ही सगळ्यात शेवटी, कंसात लिहिलेली भीती: मुख्याध्यापकांना कळलं तर संस्था काढून टाकेल. ही भीती खरी आहे, मीही त्यातून गेलोय. पण सध्याच्या शाळेचा 'रेफरन्स', म्हणजे तुमच्याबद्दल मुख्याध्यापकांनी लिहून द्यायचं पत्र, टळत नाही. तो बहुतेकदा मुलाखतीच्या आधीच मागतात आणि मुख्याध्यापकांच्या खासगी जीमेलवर विश्वास ठेवत नाहीत, शाळेच्या अधिकृत पत्त्यावरूनच हवा असतो. आमच्या शाळेला तसा पत्ताच नव्हता. मी सरांना घरी जाऊन भेटलो, सगळं सांगितलं, आणि शाळेच्या डोमेनवर मेल सुरू करून द्यायचं काम स्वतः अंगावर घेतलं. सर आधी चिडले. मग म्हणाले, दहावीचं वर्ष पूर्ण करून जा. ते मी केलं. तुमचे सर कसे आहेत हे तुम्हालाच माहीत, पण त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या.

कागदांत एकच गोष्ट आजपासून सुरू करा. तुमची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने आहे, असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे मधलं नावही बदलतं, त्यामुळे तिथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत घ्या, नाव बदलल्याचं राजपत्र काढलेलं नसेल तर अर्ज टाका. पत्राचा पहिला मसुदा झाला की मला पाठवा. मी रविवारी वाचतो, आणि डायनॅमोची गोष्ट त्यात पहिल्या परिच्छेदात हवी.