डोंगरासाठी हलका, स्वस्त फिल्म कॅमेरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : भटकंतीला मी ५० मिमी लेन्स लावलेला जुना धातूचा एसएलआर (आरशाच्या मदतीने थेट लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) नेतो. चढावर मान अवघडते, म्हणून तो सॅकमध्ये जातो आणि मग फोटो काढणेच राहून जाते. फिल्म सोडायची नाही. स्वस्त आणि हलका असा कोणता कॅमेरा घ्यावा?

पेन्टॅक्स के१००० सारख्या एसएलआरची नुसती बॉडीच ६२० ग्रॅमची असते. लेन्स, पट्टा आणि चामडी केस धरली की वजन किलोच्या जवळ जाते. डोंगरासाठी कॅमेरा, रोल आणि जादा सेल मिळून पाचशे ग्रॅमच्या आत बसावेत, अशी मर्यादा आधीच घालून घ्या. निवड बरीच सोपी होते.

आमची पहिली पसंती ऑलिम्पस एक्सए२ ला. हा १९८० साली आला. वजन २०० ग्रॅम, लेन्स ३५ मिमी एफ ३.५ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). सरकते झाकण लेन्ससकट समोरचा भाग झाकते, त्यामुळे वेगळी कॅप किंवा केस लागत नाही. फोकसला तीनच खुणा आहेत आणि झाकण बंद केले की खूण आपोआप मधल्या जागी येते. वाटेत चालता चालता उघडा आणि दाबा, बहुतेक फोटो नीट येतात. त्याच्या आधीच्या वर्षी आलेल्या एक्सए मध्ये खरा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून अंतर लावायची सोय), एफ २.८ ची लेन्स आणि हाताने निवडता येणारे ॲपर्चर (लेन्समधले उजेडाचे छिद्र) आहे, वजन २२५ ग्रॅम. तो अधिक समर्थ आहे, पण महागही असतो. डोंगररांगा आणि सोबत्यांचे फोटो हेच मुख्य काम असेल, तर वाचलेले पैसे रोलवर घालवा. दोन्हींची मोठी मेख एकच : शटर विजेवर चालते. एलआर४४ किंवा एसआर४४ चे दोन सेल संपले की फोटो नाही.

सेलची काळजीच नको असेल तर ऑलिम्पस ट्रिप ३५ बघा. लेन्स ४० मिमी एफ २.८, वजन सुमारे ४०० ग्रॅम. लेन्सभोवतीची सेलेनियमची पट्टी उजेडावरच मीटर (उजेड मोजणारा भाग) चालवते, म्हणून सेल नाहीतच. शटरच्या गती दोनच आहेत, १/४० आणि १/२०० सेकंद, आणि निवड कॅमेरा स्वतः करतो. उजेड फारच कमी असला तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दबत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ४०० चा रोल (हा फिल्मचा वेग, म्हणजे आयएसओ; आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो) भर उन्हात या कॅमेऱ्याच्या मर्यादेच्या अगदी टोकाला जातो, कारण १/२०० आणि एफ २२ च्या पुढे त्याला जाता येत नाही. उघड्या माथ्यांसाठी १०० किंवा २०० चा रोल घाला.

एसएलआरच हवा असेल, तर धातूचा मोह सोडा आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटचे प्लास्टिकचे ऑटोफोकस मॉडेल घ्या. कॅनन इओएस ३०० (१९९९) ची बॉडी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि ५० मिमी एफ १.८ ची दुसऱ्या आवृत्तीची लेन्स १३० ग्रॅमची. संग्राहक या कॅमेऱ्यांकडे फिरकत नाहीत, म्हणूनच ते स्वस्त मिळतात. मीटर आणि शटर मात्र बऱ्याच मिरवल्या जाणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांपेक्षा भरवशाचे असते. दोन सीआर२ सेल लागतात, जादा जोडी जवळ हवीच.

ऑलिम्पस म्यू-२ (१९९७) फक्त १३५ ग्रॅमचा आहे, तुषार सोसतो आणि लेन्स सुरेख आहे. तरीही आम्ही तो सुचवत नाही, कारण त्याच्या नावाचीच किंमत मोजावी लागते आणि बिघडला तर दुरुस्ती अवघड. शिवाय प्रत्येक वेळी झाकण बंद केले की फ्लॅश पुन्हा ऑटोवर जातो आणि संध्याकाळच्या दरीवर निष्फळ चमकतो. झूम असलेले छोटे कॅमेरे टाळा. झूम लांबवली की लेन्स इतका कमी उजेड घेते की ढगाळ हवेत हात हललेलाच फोटो मिळतो.

प्रश्न : जुना कॅमेरा हातात घेऊन तपासायची संधी मिळाली, तर नेमके काय पाहायचे?

आधी मागचे दार उघडा. दाराच्या खाचांमधला आणि बिजागरीजवळचा काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल, तर तो संपला आहे. त्यातून उजेड शिरतो आणि रंगीत निगेटिव्हवर जवळपास ठरावीक जागी केशरी-लाल पट्टे येतात. एवढ्यावरून कॅमेरा नाकारू नका, किंमत मात्र कमी करून मागा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने जुना फोम खरवडून काढायचा आणि दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा नवा चिकटवायचा. हे घरी होते. खरवडताना कॅमेरा पालथा धरा, म्हणजे कण शटरवर पडणार नाहीत.

मग लेन्स. शटर उघडे राहत असेल तर मागून, नाहीतर समोरून, टॉर्च तिरपा धरून पाहा. चार-दोन धुळीच्या कणांनी काही बिघडत नाही. जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि सगळीकडे दुधाळ धुके दिसले तर उन्हासमोरचे सगळे फोटो फिके येणार. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नका.

सेलच्या कप्प्यात हिरवी किंवा पांढरी पूड असेल, तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून मग अल्कोहोलने कोरडी करता येते. पण हिरवेपणा आतल्या तारेत चढला असेल तर नाद सोडा.

मीटरची परीक्षा भर दुपारी मोकळ्या आकाशाखाली घ्या. १०० चा रोल भरल्याची खूण लावून एफ ८ ठेवले, तर उन्हातल्या जमिनीवर सुई १/५०० च्या आसपास यायला हवी. ट्रिप ३५ साठी वेगळी युक्ती : 'ए' (ऑटो) वर ठेवून लेन्ससमोर तळहात धरा आणि बटण दाबा. लाल पट्टी आलीच पाहिजे. मग दार उघडून उन्हाकडे आणि सावलीकडे तोंड करून बटण दाबताना पात्यांचे छिद्र पाहा. उन्हात लहान, सावलीत मोठे झाले तर सेलेनियम जिवंत आहे. दोन्हीकडे सारखेच राहिले तर मीटर मेला.

हाताने गती निवडायच्या कॅमेऱ्यात एक सेकंदाचे शटर चालवून आवाज ऐका. मध्येच अडखळला किंवा दीड-दोन सेकंद लागले तर आतले तेल घट्ट झाले आहे. ते थंडीत आणखी अडेल, म्हणून साफसफाईचा खर्च किमतीत धरा.

एवढे करूनही मोठ्या सहलीआधी एक रोल घराजवळ वापरा आणि धुऊन पाहा. उन्हात, सावलीत, दीड मीटरवर आणि क्षितिजावर असे फोटो काढा आणि कोणता कुठे काढला ते लिहून ठेवा. ही पायरी वगळण्याइतकी घाई कधीच नसते.

प्रश्न : घरात रोलाय ३५ पडून होता. मूळ सेल मिळत नाही, म्हणून तशाच मापाचा अल्कलाइन सेल घातला. स्लाइड (थेट पाहायच्या पॉझिटिव्ह फिल्म) सगळ्या काळपट आल्या. कॅमेरा बिघडला आहे का?

कॅमेरा बहुधा ठीक आहे, दोष सेलच्या व्होल्टेजचा आहे. मूळ पीएक्स६२५ हा पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा. अल्कलाइन १.५ व्होल्ट देतो, त्यामुळे सुई खऱ्यापेक्षा जास्त उजेड दाखवते आणि आपण कमी प्रकाश देतो. निगेटिव्हने हे सोसले असते, स्लाइड सोसत नाही. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज वापरागणिक उतरत जातो, म्हणून एकदाच दुरुस्ती करून भागत नाही. उपाय दोन. कानातल्या यंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचा असतो. तो रबरी कडीत बसवा. चिकटपट्टी काढल्यावर तो हवेमुळे काही आठवड्यांत संपतो, म्हणून सहलीला निघायच्या दिवशीच पट्टी काढा. दुसरा उपाय, व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर आणि सिल्व्हर ऑक्साइड सेल.

या कॅमेऱ्यात सेल फक्त सुईसाठी आहे, शटर पूर्ण यांत्रिक आहे. म्हणून सेल नसला तरी थांबू नका : लख्ख उन्हात एफ १६ आणि रोलच्या वेगाजवळची गती, म्हणजे १०० च्या रोलला १/१२५. हलक्या ढगांत एफ ११ किंवा ८, दाट ढगांत ५.६. आणि या कॅमेऱ्याची लेन्स बॉडीत आत जाते, ती ढकलण्याआधी रोल पुढे सरकवलेला हवा. अडली तर जोर लावू नका, आतले काहीतरी मोडेल.

प्रश्न : अंतर अंदाजाने लावायच्या कॅमेऱ्यात माझे दूरचे डोंगर धूसर येतात. मग रेंजफाइंडरच घ्यावा का?

आधी लेन्सवरचे आकडे वापरून पाहा. ३५ मिमीची लेन्स एफ ८ ला ५ मीटरवर ठेवली तर सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. एफ ११ ला ४ मीटरवर ठेवले तर दोन मीटरपासून. ४० मिमीला एफ ८ ला ७ मीटर धरा, जवळची मर्यादा साडेतीन मीटर. दिवसभर असेच ठेवून चालले की फोकसला हात लावायची वेळ क्वचित येते.

पण समोर फक्त दूरचा डोंगर असेल तर खूण अनंतावरच हवी. मध्यम अंतरावर ठेवलेली लेन्स दूरच्या डोंगराला जेमतेम पुरेशा स्पष्टतेवर निभावून नेते, आणि मोठा प्रिंट काढला की ते जाणवते. आणखी एक शक्यता तपासा : चढून धापा टाकत १/४० ने घेतलेला फोटो हाताने हलतो आणि दोष फोकसवर येतो. दगडाला टेकून, श्वास सोडून मग बटण दाबा.

प्रश्न : बर्फाच्या, थंड प्रदेशात पायी जाणार आहोत. रोल किती, कॅमेरा कुठे बांधू, काय सांभाळू?

३६ चा रोल वजनाला फार नाही, म्हणून दिवसाला एक रोल धरा आणि एक-दोन जादा. प्लास्टिकच्या डब्या घरी ठेवू नका, त्याच ओल अडवतात. झाडीतून आणि ढगांतून जाणाऱ्या वाटेला ४०० ची रंगीत निगेटिव्ह सर्वांत सोयीची. थोडा जास्त प्रकाश ती सहज पचवते, कमी प्रकाश नाही. मीटर बर्फाला करडा समजतो, तेव्हा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्या. गती किंवा ॲपर्चर बदलता येत नसेल तर आयएसओची खूण ४०० ऐवजी २०० वर ठेवा आणि बर्फातून बाहेर आल्यावर परत फिरवा. ट्रिप ३५ मध्ये मात्र १०० चाच रोल घाला.

कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नका, वाकलात की खडकावर आपटतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर लहान पाउच अडकवा आणि कॅमेऱ्याचा दोरा पट्ट्याला बांधा.

थंडीत सेल मंदावतात. सिल्व्हर ऑक्साइडचे एसआर४४ अल्कलाइनपेक्षा टिकून राहतात. जादा जोडी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. फिल्म कडक होते, म्हणून शेवटच्या फ्रेमनंतर जोर लावून आणखी एक ओढू नका, छिद्रे फाटतात. कोरड्या थंडीत रोल भराभर सरकवला तर स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर फांद्यांसारख्या रेषा उमटवतात. सावकाश सरकवा, रिवाइंडही सावकाश. रोल भरल्यावर पहिल्या दोन फ्रेम ओढताना रिवाइंडची नॉब फिरते आहे ना, हे पाहा. ती फिरत नसेल तर फिल्म पुढच्या चकरीत अडकलेलीच नाही आणि तुम्ही रिकामा कॅमेरा वाहता आहात.

तंबूत किंवा उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तासभर तसाच राहू द्या. दव पिशवीच्या बाहेरून जमेल, लेन्सच्या आत नाही. विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या सामानात ठेवा आणि सीटी स्कॅनर असेल तिथे हाताने तपासायची विनंती करा. त्याच्या किरणांनी फिल्म धुरकटते.