डॉक्टर इतका निर्दोष कशाला?

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत 'गेस हूज कमिंग टू डिनर' दाखवला. गोऱ्या मुलीशी लग्न ठरवलेला कृष्णवर्णीय नायक इतका आदर्श आहे की खोटा वाटतो. पटकथा कच्ची म्हणायची का?

उत्तर : कच्ची नाही, हिशेबी. जॉन प्रेंटिस नामवंत डॉक्टर आहे, विधुर आहे, लग्नाआधी शरीरसंबंध नाकारतो. सासऱ्याच्या घरून लांबचा फोन केला तर पैसेही ठेवतो! मुलीच्या बापाला नकार द्यायला कातडीच्या रंगाखेरीज एकही कारण उरू नये, अशी ही मांडणी. युक्तिवाद चोख, पण माणसाचा नोकरीचा अर्ज होतो. गोरा जावई बेताचा असला तरी खपला असता.

काळही विसरू नका. १९६७च्या मे महिन्यात चित्रीकरण संपलं, तेव्हा अमेरिकेतल्या १६-१७ राज्यांत असं लग्न बेकायदा होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे १२ जूनला मोडीत काढले. चित्रपट डिसेंबरात आला, पण जॉनच्या वडिलांच्या तोंडी कायदा मोडण्याची भीती तशीच राहिली.

नटाच्या वाट्यालाही हेच. कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनिएल यांना १९४०मध्ये मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, तर अशा भूमिका करतात म्हणून त्यांना बोल लागले. जॉन साकारणारे सिडनी पॉइटिए सज्जन डॉक्टर-मास्तर रंगवत, तर गोऱ्यांना रुचेल असाच काळा माणूस दाखवतात, हा ठपका. पडद्यावर मोजकीच माणसं असली की प्रत्येकाच्या डोक्यावर अख्खा समाज बसतो.

प्रश्न : चर्चेत हे नेमकं तपासायचं कसं?

उत्तर : पाहताना कागदावर टिपा. नाव असलेली कृष्णवर्णीय पात्रं किती? त्यांचं आपसांत पटतं की बिनसतं? गोरं कुणी नसताना ती बोलतात का? नायक स्वतःच्या स्वभावामुळे चुकतो का? 'डिनर'मध्ये मुलीच्या घरातली कृष्णवर्णीय मोलकरीण टिली जॉनवर उखडते, जॉनचे वडीलही विरोधात असतात, आणि बापलेकाचं एकांतातलं भांडण हा आमच्या मते चित्रपटातला सर्वांत जिवंत प्रसंग आहे. म्हणजे नायक गुळगुळीत असला तरी ओझं थोडं वाटलं गेलंय.

नवे पटकथाकार इथे हमखास घसरतात. पात्र 'खरं' वाटावं म्हणून त्याला दारूचं व्यसन लावतात. तो चित्रपटातला एकटाच कृष्णवर्णीय असेल, तर ते व्यसन साऱ्या समाजाच्या नावावर चढतं. आधी माणसं वाढवा, दोष मागाहून.

प्रश्न : जोडीला काय दाखवावं?

उत्तर : 'इन द हीट ऑफ द नाइट'. तेच वर्ष, तोच नट. गोऱ्या जमीनदाराला उलट मारलेली थप्पड सगळ्यांच्या लक्षात राहते. पण त्याच जमीनदारावर रागापोटी घेतलेला टिब्सचा, म्हणजे पॉइटिएंनी रंगवलेल्या पोलीस अधिकाऱ्याचा, संशय चुकीचा ठरतो, चर्चा तिथून सुरू करा. दोन्ही चित्रपट पावणेदोन तासांच्या वर आहेत, एका संध्याकाळी कोंबू नका.